पावणी नारळाची, पावणी गाडीची

नमस्कार मंडळी. गोव्यात लिलाव म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जत्रा झाली की देवळात पावणी होते. देवाला वाहिलेला नारळ किंवा केळ्यांचा घड उंच धरून बोली पुकारतात आणि साधा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो. तिथे ते शोभतं. पैसा देवाकडे जातो, नारळ प्रसाद म्हणून घरी येतो, आणि आत खवट निघाला तरी कोणी तक्रार करत नाही. पंचाईत अशी, की जुन्या गाडीच्या लिलावातही माणसं त्याच हाताने बोली लावतात.

तिथे लोक काय करतात ते पाहा. आधी बॉनेट उघडतात, इंजिन सुरू करायला लावतात, आवाज ऐकून माना डोलावतात आणि बोली लावायला मोकळे होतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जुन्या गाडीत इंजिन हा सगळ्यांत सोपा भाग. चांगला मिस्त्री ते उतरवतो, बोअर करतो, रिंगा-व्हॉल्व्ह बदलतो आणि परत बसवतो. खर्चाचा आकडा आधीच सांगता येतो. कागदांचा घोळ, कुजलेला पत्रा आणि हरवलेल्या बारीकसारीक वस्तू, यांचा आकडा कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी त्याच क्रमाने बोलतो: कागद, पत्रा, किडूकमिडूक, आणि इंजिन शेवटी.

कागदांत पहिला प्रश्न, विकतोय कोण?

सरकारी खात्याची गाडी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पुढे चालत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची खास वाहनं सोडली तर बाकीच्यांची वाट थेट अधिकृत स्क्रॅप केंद्राकडे जाते. अँबॅसडरचं उत्पादन उत्तरपाड्याच्या कारखान्यात मे २०१४ मध्ये थांबलं. हिशेब करा, २०२९ नंतर रस्त्यावर चालवता येईल अशी सरकारी अँबॅसडर लिलावात येणारच नाही. त्याआधी मिळाली तर मालकी बदलण्यासाठी नेहमीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म चालत नाहीत. सरकारी लिलावासाठी ३२ नंबरचा वेगळा फॉर्म आहे, आणि गाडी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत तो भरायचा. सोबत विक्री कायम केल्याचा सहीचा आदेश आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत लागते. ही दुसरी प्रत लोक हमखास विसरतात. पैसे भरायच्या दिवशीच मागून घ्या, नंतर त्या टेबलावरचा माणूस बदललेला असतो.

घरगुती गाडीची गुंतागुंत वेगळी, आणि गोव्यात ती जरा जास्तच. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, मुलं मुंबईत नाहीतर लिस्बनला, आणि गाडी बाल्कांवाशेजारी, म्हणजे घरापुढच्या ओसरीशेजारी, ताडपत्रीखाली. अशी गाडी आधी ३१ नंबरच्या फॉर्मने वारसाच्या नावावर चढते, आणि मग २९ व ३० भरून तुमच्या नावावर. मधली पायरी गाळता येत नाही. त्यात आपल्याकडे समाईक मालमत्तेच्या पद्धतीने झालेल्या लग्नात निम्मा वाटा जोडीदाराचा असतो. म्हणजे आजी हयात असतील तर त्यांची संमती आधी. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याचा, दावा चालू असेल तर तिथेही बोली होते, पण ती वारसांमधली. बाहेरच्याने तिथे हात वर करायचा नसतो. ज्या वारसाकडे गाडी जाईल त्याच्याशी नंतर बोलायचं.

दुसरा प्रश्न नंबरचा. बॉडीवरचा चॅसिस नंबर, इंजिनावरचा नंबर आणि आरसीवरचे दोन नंबर, हे चारही आकडे स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण घ्या. तिचा चॅसिस नंबर मागची सीट उचलली की तळाच्या मधोमध उंचावलेल्या बोगद्याच्या पत्र्यावर कोरलेला दिसतो, आणि इंजिन नंबर जनरेटर ज्या स्टँडवर बसतो त्याच्या खाली. १९६५ ते १९६९ या मॉडेलांत चॅसिस नंबरचा तिसरा आकडा वर्ष सांगतो. ११७ ने सुरू झाला तर १९६७, ११८ असेल तर १९६८. जाहिरातीत ‘१९६२ची बीटल’ लिहिलंय आणि बोगद्यावर ११८ दिसतंय, तर तिथेच बाहेर पडा. आकड्यांच्या भोवती घासल्याच्या रेघा असतील, किंवा आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा तेवढ्याच जागेचा रंग ताजा असेल, तरीही.

‘पोर्तुगीज काळातली, गोव्यातच आलेली गाडी’ हे तर आपल्याकडचं आवडतं विशेषण. त्याने भाव चढतो. १९६१पर्यंत इथे ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज थेट युरोपातून येत होत्या हे खरंच आहे. पण पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली तेव्हा गोवा डावीकडेच राहिला, कारण पलीकडे ब्रिटिश हद्दीत वाहनं डावीकडून चालत. तेव्हा डाव्या स्टिअरिंगची गाडी दाखवून कोणी ही कथा सांगू लागला तर खोटंच असेल असं नाही, पण कागद मागा.

आता शुल्काचं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या देशी मोटारीची नोंदणी पुढे चालवायला दहा हजार रुपये लागतात आणि आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. वर जीएसटी वेगळा. ओपेल घेणाऱ्याने हा आकडा बोलीच्या आधी वहीत लिहावा. पर्याय आहे तो विंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी वीस हजार, पुनर्नोंदणी पाच हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. फोंड्याहून पणजीला ऑफिसला जायचं असेल तर हा रस्ता तुमचा नव्हे. आणि कोणीतरी हौसेने आत दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं असेल, तर या नोंदणीचं दार बंदच समजा.

जुनी आरसी अनेकदा संगणकावर चढलेलीच नसते. सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदीत नंबर टाकला आणि काहीच आलं नाही, तर मूळ आरटीओतून बॅकलॉग एंट्री करून घेणं हे विक्रेत्याचं काम आहे, आणि ते पैसे देण्याआधी व्हायला हवं. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसीही तशीच.

पत्र्याकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारं वारं. त्यात गाडी मातीवर उभी असेल तर ओल खालून चढते. वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून चाळणी झालेली असते. तपासणीच्या दिवशी जुनी चादर, टॉर्च, प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि रुमालात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक बरोबर न्या. चुंबक दाराच्या खालच्या चार इंचांवरून, चाकांवरच्या कमानींवरून, हेडलाइटच्या भोवती फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे भरलेली पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. मूळ रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. तीनशेच्या वर गेला तर पुन्हा रंगवलेली आहे, हा काही गुन्हा नव्हे. हजाराच्या वर गेला की पत्रा ठोकणाऱ्या टिंकरने खाली काहीतरी गाडलेलं आहे.

मग चादर अंथरा आणि खाली झोपा. कपड्यांची काळजी असणाऱ्याने नवी गाडी घ्यावी. प्रीमियर पद्मिनीला वेगळी चॅसिस नसते. तिची बॉडीच भार उचलते. म्हणून दाराखालची सिल कुजली तर गाडी मधोमध वाकते. ओळख सोपी आहे. पुढचं दार उघडून हळूच मिटा. ते शेवटच्या क्षणी वर उचलून बसवावं लागत असेल, किंवा दाराची फट वर एका बोटाची आणि खाली अर्ध्या बोटाची असेल, तर बिजागरी झिजली आहे नाहीतर सिल गेली आहे. दार उघडं ठेवून ते वर-खाली हलवून पाहा. बिजागरीत खेळ नसेल तर दुसरंच कारण खरं. जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टण वाजलं पाहिजे. थप्प आवाज आला तर आत गंजाचा भुगा आहे. टोक मात्र खुपसू नका, गाडी अजून तुमची नाही.

स्टँडर्ड हेराल्ड या गाडीचं उलटं. तिला स्वतंत्र चॅसिस आहे, त्यामुळे बॉडीचा गंज दिसतो तेवढा घातक नसतो. पण चॅसिसपासून बाजूला गेलेले हात सडतात. बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते, आणि ॲसिडने तिच्याखालचा पत्रा खाल्लेला असतो. मॅट उचला. ओलसर वास आला तर काचेचं रबर किंवा दारातली पाणी जाणारी भोकं तपासा. भोकं मातीने बुजली की दार आतून टाकीसारखं भरतं.

किडूकमिडूक पटकन सांगतो, कारण नियम एकच आहे: अपुरी गाडी घेऊ नका. पद्मिनीचे यांत्रिक भाग आजही मिळतात. पण ओपेलच्या क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्याची काच, बाकदार विंडस्क्रीन, घड्याळाची चकती मिळवायला महिने जातात. बोलीआधी एकेका वस्तूची यादी करा, आणि ‘डिकीत आहे’ असं सांगितलं तर डिकी उघडून बघा.

इंजिनाला भेटताना ते थंड असायला हवं. सकाळी पोचल्यावर हात लावा. आधीच गरम असेल तर कोणीतरी सुरू होण्याची अडचण लपवली आहे. उभ्या गाडीला सुरू करताच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह गाइडमधून तेल उतरतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा आला तर रिंगा गेल्या. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर हेड गॅस्केटचा संशय धरा. परवानगी मिळाली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजा. सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, चार-पाच फेरे फिरवायचे. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चालतो. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलंय. यातलं काहीही आढळलं तरी घाबरू नका, बोली तेवढी खाली आणा.

बोलीचा आकडा घरी ठरवायचा, आणि उलटा काढायचा. समजा सगळं मिळून आठ लाखांच्या वर जायचं नाही. वाहतूक आणि कागदांना चाळीस हजार बाजूला ठेवले, उरले सात लाख साठ हजार. लिलाववाल्यांचं खरेदीदाराकडचं कमिशन पंधरा टक्के धरू, आणि त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे बोलीच्या दर शंभर रुपयांमागे तुम्ही एकशे सतरा रुपये सत्तर पैसे देता. सात लाख साठ हजारांना १.१७७ ने भागा: साधारण सहा लाख पंचेचाळीस हजार. तुमचा हात इथे खाली येतो. विकणारा नोंदणीकृत व्यापारी असेल तर गाडीवरचा करही कोण भरणार ते अटींच्या कागदात वाचा. अटी वाचताना ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ हे वाक्य सापडेलच. त्याचा अर्थ, नंतर भांडायला जागा नाही.

तरी कायदा अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. १९३०च्या माल विक्री कायद्याचं ६४वं कलम लिलावासाठीच आहे. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्याला स्वतः किंवा माणूस घालून बोली लावायची असेल तर तो हक्क आधी जाहीर केलेला असावा लागतो. खोट्या बोलीने भाव चढवला असेल तर खरेदीदार व्यवहार मोडू शकतो. सिद्ध करणं कठीण, हेही खरं. म्हणून राखीव किंमत, म्हणजे विक्रेत्याने ठरवलेली किमान रक्कम, गाठेपर्यंत गप्प बसावं आणि समोर खरंच कोण बोलतंय ते पाहावं.

हातोडा पडला की जोखीम तुमची. मुंबईत घेतलेली गाडी चालवत आणू नका, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, सांगा. कारण ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० लाच. आंबोलीच्या उतारावर ते उकळलं की पेडल थेट फळीला टेकतं. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ऑइल पूर्ण बदला, व्हील सिलिंडरची रबरं बदला. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी ते टायर काढून टाका. आणि पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, आणि आपल्या दमट हवेत ते पाणी ओढून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर मे अखेरीस टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे ओल्या हवेला जागा उरत नाही, कार्बोरेटरमधलं पेट्रोल रिकामं करा आणि बॅटरीची एक तार सोडवून ठेवा.