‘तो काही करत नाही हो!’ : शेजाऱ्याचं मोकळं कुत्रं आणि आपण

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका वकील बाईंनी दिलेलं व्याख्यान, संपादित करून)

मंडळी, संघाच्या कार्यवाहांनी फोन करून ‘कुत्र्यांच्या त्रासावर बोला’ म्हटलं, तेव्हा मला वाटलं, भटक्या कुत्र्यांचा विषय असणार. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल ११ तारखेला एक आदेश दिला, २२ तारखेला तो बदलला, आणि तेव्हापासून आपल्या देशात घरोघरी कुत्रेतज्ज्ञ झाले आहेत. पण कार्यवाह म्हणाले, “नाही हो ताई, आमच्या कॉलनीतल्या कुत्र्याला मालक आहे. तेच तर दुखणं आहे.”

खरंच आहे. भटक्या कुत्र्यासाठी महापालिकेला फोन लावता येतो, नगरसेवकाला शिव्या घालता येतात. शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं. त्याला संक्रांतीला तिळगूळ द्यायचा असतो, आणि मध्यरात्री छातीत कळ आली तर दवाखान्यात न्यायला त्याचीच गाडी असते. मग आपण काय करतो? आधी रस्ता बदलतो, मग फिरायची वेळ बदलतो, मग हातात काठी घेतो, आणि शेवटी फिरणंच सोडून देतो. माझ्याकडे माणसं साधारण या शेवटच्या टप्प्यावर येतात.

माझ्याही घरी कुत्रं आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे बोलेन ते कुत्र्यांच्या द्वेषातून बोलतेय असं कुणाला वाटायला नको.

कुत्रं फाटकातून सुटून अंगावर धावत येतं, आपला जीव कासावीस होतो, आणि मागून मालक सावकाश चालत येत हसत म्हणतो, “घाबरू नका, तो काही करत नाही.” बरं, तो खोटं बोलत नसतो. त्याला ते खरंच काही करत नाही. त्याच्या पायाशी लोळतं, नातवाला पाठीवर बसू देतं. पण तो कुत्र्याचा घरातला स्वभाव सांगतोय, आणि आपण फाटकाबाहेरचा बघतोय. शिवाय ‘काही करणं’ म्हणजे फक्त चावणं, असं त्याने धरलेलं असतं. जानेवारी २०२३मध्ये हैदराबादला बंजारा हिल्समध्ये जेवणाचं पार्सल द्यायला गेलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर घरातला जर्मन शेफर्ड धावून आला. मुलगा जीव वाचवायला पळाला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि गेला. कुत्र्याचा दात त्याला लागावाही लागला नाही. सत्तरीतला माणूस दचकून मागे सरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर डॉक्टरांच्या कागदावर फक्त ‘पडून दुखापत’ एवढंच येतं.

आणि आपण निदान बोलू शकतो. सकाळी सहाला पेपर टाकणारा पोरगा, दूधवाला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाई, यांनी काय करायचं? बाईंनी तक्रार केली तर ते एक काम जाईल. कॉलनीत अशा कुत्र्याचा खरा इतिहास कुणाला ठाऊक असतो, तर या लोकांना. तुम्ही तक्रार लिहायला बसाल तेव्हा आधी त्यांना विचारा.

आता मालकाच्या बाजूने थोडं. हल्ली एक प्रकार मी फार बघते. मुलगा हौसेने रॉटवायलर किंवा पिटबुल आणतो, वर्षभर फोटो काढतो, आणि मग नोकरीसाठी बंगळुरूला नाहीतर अमेरिकेला जातो. मागे राहतात आईवडील आणि चाळीस किलोचं कुत्रं. वडिलांचे गुडघे दुखतात, साखळी धरून त्याला फिरवणं शक्य नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ फाटक उघडून ‘जा, फिरून ये’. दिवसभर बांधलेलं, माणसांची सवय नसलेलं, अंगात मस्ती साठलेलं जनावर रस्त्यावर येतं, आणि पूर्ण गल्ली आपलीच हद्द समजतं. जुलै २०२२मध्ये लखनौला ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिका घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. कुत्रं मुलाचं होतं. तेव्हा समोरच्या घरातले काका मग्रूर आहेत असं ठरवण्याआधी ते स्वतः त्या कुत्र्याला भितात का, हे जरा बघा. अनेकदा भितात.

जातीचं म्हणाल तर मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर वगैरे तेवीस जातींवर बंदी आणा असं राज्यांना कळवलं होतं. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्यामुळे ‘ही जातच बेकायदा आहे’ या मुद्द्यावर भांडू नका. वाया जाल. गावठी कुत्रंही फाडतं आणि रॉटवायलरही शहाणं निघतं. प्रश्न फाटकाचा आणि साखळीचा आहे.

कायद्याकडे येते, कारण त्यासाठीच मला बोलावलंय. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली, तिचं कलम २९१ लिहून घ्या. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असेल आणि तो टाळण्याची पुरेशी काळजी एखाद्याने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘संभाव्य’ या शब्दाखाली रेघ मारा. चावा झालाच पाहिजे असं हे कलम म्हणत नाही. आणि आपला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१चा. त्याचं कलम १०६ तर सरळ म्हणतं की रस्त्यावर हिंस्र कुत्रं तोंडाला जाळी न बांधता मोकळं सोडायचं नाही.

पण या कलमांचा जोर कशात आहे, ते मुंबईतल्या दोन निकालांत दिसतं. २०१० साली नेपियन सी रोडवर दोन माणसांचा वाद चालला होता. एकाच्या मोटारीत रॉटवायलर चवताळलेला. बहात्तर वर्षांचे दुसरे गृहस्थ सांगत होते, दार उघडू नकोस. त्याने उघडलं, कुत्रं चावलं. २०२३मध्ये गिरगावच्या न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली. दुसरं प्रकरण वरळीचं. २०१८मध्ये एक गृहस्थ लहान मुलासह लिफ्टमध्ये होते, कुत्र्याला आत आणू नका म्हणत होते, तरी शेजाऱ्याने हस्की आत ओढून आणला आणि तो चावला. २०२५मध्ये चार महिने सक्तमजुरी.

दोन्हीत मालकाला आधी सांगितलं होतं. ‘मला कल्पना नव्हती’ ही पळवाट त्याच्याकडे उरली नव्हती. आजच्या बोलण्यातलं एकच घरी न्यायचं असेल तर हे न्या. आपलं काम म्हणजे मालकाला कल्पना आहे, हे कागदावर आणणं. वर्षही बघा. एका प्रकरणाला जवळपास तेरा वर्षं लागली, दुसऱ्याला सात. आपल्या वयाला तेरा वर्षांचा खटला कुणी सांगितलाय? म्हणून कागद असा तयार करायचा की खटल्याची वेळच येऊ नये.

पहिलं बोलणं मात्र तोंडीच, आणि प्रसंग घडला त्या क्षणी नाही. तेव्हा आपण थरथरत असतो आणि तो ओशाळलेला असतो, दोघंही भलतं बोलतात. दुसऱ्या दिवशी जा. ‘कुत्र्याकडे जरा लक्ष द्या’ असं मोघम सांगू नका, त्याला तो ‘हो हो’ म्हणेल आणि विसरेल. नेमकं मागा. फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवा, खालची फट बंद करा, बाहेर काढाल तेव्हा साखळी धरणारं माणूस सोबत हवं, आणि सकाळी आम्ही फिरतो त्या वेळात कुत्रं आत. वडिलांना झेपत नसेल तर कुत्रं फिरवायला पगारी मुलगा ठेवा, हे परदेशातल्या चिरंजीवांनाच फोन करून सांगा. पैसे तेच देणार आहेत. माझा अनुभव असा की निम्मी भांडणं त्या स्प्रिंगपाशीच मिटतात.

अशा बैठकीत हटकून कुणीतरी नामदेव महाराज काढतं. कुत्र्याने भाकरी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, आणि तुम्ही कुत्र्याची तक्रार करता! त्यांना हात जोडून सांगा, नामदेवांचं कुत्रं भाकरी घेऊन पळत होतं, आमचं आमच्या अंगावर येतंय.

तोंडी बोलण्याने फरक पडला नाही तर पत्र. साधं, एका पानाचं. अमुक तारखेला, इतक्या वाजता, इथे, काय झालं, कुणी पाहिलं, आणि आम्ही काय मागतो. विशेषणं नकोत, ‘नालायक’ वगैरे तर मुळीच नको. हाती दिलंत तर पोच घ्या, घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. तुमच्या किंवा समोरच्यांच्या कॅमेऱ्यात चित्रण असेल तर लगेच उतरवून घ्या, काही दिवसांत ते पुसलं जातं. पेपरवाला पोरगा सही करायला तयार असेल तर उत्तम, नसेल तर गळ घालू नका.

सोसायटी असेल तर पत्राची प्रत सचिवांना. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘सोसायटीत कुत्रं पाळायचं नाही’ असा ठराव टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५मध्येच सांगितलंय की सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येणार नाही. सामायिक जागेत साखळी असावी, इतकी विनंती मात्र सोसायटी खुशाल करू शकते, आणि तिचा कागद पुढे आपल्या कामी येतो. महापालिकेत कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला आहे का, याचीही चौकशी करा. नसला तर मालक लगेच मऊ येतो.

यानंतर पोलीस. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून बोळवण करायची सवय असते. नम्रपणे सांगा की कलम २९१ दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येतो, आणि पत्रांच्या प्रती पुढे ठेवा. तरी ऐकलं नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात वरिष्ठांना. आणखी एक वाट आहे, ती वकीलही विसरतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३. सार्वजनिक उपद्रव दूर करायचे जे आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, त्यात धोकादायक प्राणी बंदिस्त ठेवण्याचा आदेशही आहे. तालुक्याच्या ठिकाणी हा अर्ज प्रांतांकडे जातो. एकट्याने न करता आठ-दहा घरांनी मिळून करा.

आता जे करायचं नाही ते. बिस्किटात काहीतरी घालून द्यावं, असं कुजबुजत मला विचारणारे भले भले लोक भेटलेत. प्राण्याला विष घालणं न्याय संहितेच्या कलम ३२५खाली येतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. मालकाला सहा महिने, तुम्हाला पाच वर्षं! दुसरं, ‘चोवीस तास बांधून ठेवा’ अशी मागणी करू नका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याला सतत बांधून ठेवून व्यायाम न देणं हा गुन्हा आहे, आणि असं बांधलेलं कुत्रं सुटतं तेव्हा जास्त वाईट असतं.

आणि कुत्रं अंगावर आलंच तर? पळू नका. झाडासारखं उभं राहा, हात अंगाशी, नजर त्याच्या डोळ्यांत नाही, पाठ करायची नाही. ते थबकलं की हळूहळू तिरकं मागे सरा. छत्री, पिशवी, जे असेल ते दोघांच्या मध्ये धरा. खाली वाकून दगड उचलायचा आविर्भाव गल्लीतल्या कुत्र्याला कळतो, बंगल्यातल्या कुत्र्याने दगड कधी पाहिलेलाच नसतो. पडलात तर अंगाचं मुटकुळं करा, मान आणि कान हातांनी झाका. चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद नको, चुना नको. लगेच दवाखाना. पाळीव आहे, लस दिलीय असं मालक म्हणाला, तरी डॉक्टरांना ठरवू द्या. लसीचे डोस सुरू करायचे, आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. रेबीज एकदा दिसायला लागला की उपाय नाही.

(प्रश्नोत्तरांतून एक प्रश्न : “आमच्या शेजारी म्हणतात, कुत्रं आमचं नाहीच, आम्ही फक्त पोळी घालतो. मग?”)

हा चांगला प्रश्न आहे. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पाळीव प्राणी वेगळे आणि रस्त्यावरचे वेगळे. नुसती पोळी घातल्याने कुणी मालक होत नाही. त्या बाबतीत सोसायटीने खाऊ घालायची जागा ठरवून द्यायची असते, आणि ती जिना, प्रवेशद्वार, मुलांची खेळायची जागा यांपासून दूर. पण त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा कुणी बांधला? रात्री ते कुणाच्या अंगणात झोपतं, डॉक्टरकडे कुणाच्या गाडीतून जातं, कुणाच्या हाकेला परत येतं? ते सगळं तारखेनिशी लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढा, आणि मला आणून दाखवा. मग ते कुत्रं कुणाचं, ते आपण बघू.