सही नको, प्रश्न पाठव

(दृश्य: नौपाड्यातल्या जुन्या इमारतीचा जिना. पावसाचा आवाज. दार उघडतं. कॅमेरा हातांवर.)

ठाण्याचा नौपाडा. जुलैतली दुपार. या घरात कॅमेरा लावायच्या आधीच अट पडली: हात दाखवा, कपाट दाखवा, चेहरा आणि दारावरची पाटी दाखवायची नाही. कपाटातल्या काही कागदांना आज पैसा मिळतो आणि दाराला कुलूप एकच आहे, एवढंच त्याचं कारण. तेव्हा आपण यांना नुसतं काका म्हणू.

काका पन्नाशीला आलेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करतात. खिशात कायम भिंग असतं. ते नोकरीचं की छंदाचं, हे काकूंनाही सांगता येत नाही. छंद म्हणजे वैज्ञानिकांच्या आणि शोध लावणाऱ्या माणसांच्या सह्या आणि पत्रं जमवणं.

(दृश्य: पोस्टकार्ड, अगदी जवळून. पत्त्याची बाजू.)

कपाटातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात पहिली. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. शिक्का पुण्याचा, साल १९९१. पत्ता ठाण्याचा, नववीतल्या मुलाच्या नावाने. नावावर आम्ही कागदाची पट्टी ठेवली आहे. एक कोपरा दुमडलेला, कडेला हळदीचं बोट. ते बोट काकांच्या आईचं. कार्ड आलं तेव्हा त्या फोडणी घालत होत्या, आणि मुलाच्या आधी त्यांनीच ते वाचून काढलं.

डॉ. जयंत नारळीकरांचं व्याख्यान संपलं की मुलं वह्या पुढे करून गराडा घालायची. नारळीकर सही देत नसत. सांगायचे, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर येईल, त्याखाली सही असेल. वहीवरची सही दोन सेकंदांत मिळते. इथे आधी प्रश्न सुचायला हवा, तो नीट मांडता यायला हवा, मग पोस्टात जाऊन रांग लावायला हवी. निम्मा गराडा इथेच गळत असणार. या नववीतल्या मुलाला प्रश्न सुचायला अकरा दिवस लागले. प्रश्न असा: तारे लुकलुकतात, मग ग्रह का नाही लुकलुकत?

उत्तराची बाजू तुम्हाला दिसणार नाही. काकांनी कार्ड उलटू दिलं नाही. म्हणाले, "बघणाऱ्या पोरांनी स्वतः शोधू दे. मला काय आयतं मिळालं होतं?"

(दृश्य: खणातल्या फायली. बोट एकेका फायलीवरून फिरतं.)

या छंदात दोन जाती आहेत. एक नुसती सही जमवणारे, दुसरे पत्र जमवणारे. काका दुसऱ्या जातीतले, आणि पहिल्या जातीबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. पाकिटासकट तिकिटं जमवणाऱ्यांना विचारा, ते म्हणतात: पाकिटावरून उपटलेल्या तिकिटाला किती शोभा? सहीचंही तसंच. वरचा मजकूर कापून टाकला की खाली उरतं ते नाव. तो माणूस त्या दिवशी कशात गुंतला होता, ते गेलं.

ही निळी फाइल नकलांची. मूळ कागद परदेशातल्या संग्रहांत, इथे फोटो आणि झेरॉक्स. पण काका पाहुण्यांना आधी हीच उघडून दाखवतात.

ढाका, ४ जून १९२४. सत्येंद्रनाथ बोस नावाचा तिशीतला प्राध्यापक आपला एक निबंध पाकिटात घालून थेट आइन्स्टाइनला पाठवतो. ओळख ना पाळख. आइन्स्टाइन तो निबंध स्वतः जर्मनमध्ये उतरवतात, छापायला देतात, आणि २ जुलैला बोसना पोस्टकार्डाने कळवतात. पुढे युरोपला निघालेल्या बोसांनी जर्मन वकिलातीत ते कार्ड दाखवलं, आणि व्हिसा फीशिवाय मिळाला. आज पदार्थविज्ञानात कणांच्या एका अख्ख्या जातीला 'बोसॉन' म्हणतात. पोस्टकार्ड म्हटलं की काकांचा आवाज का चढतो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पुढचं पान. मद्रास, १६ जानेवारी १९१३. पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला एक कारकून केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डींना लिहितो: पगार वर्षाला वीस पौंड, वय सुमारे तेवीस. हा कारकून श्रीनिवास रामानुजन. गणितं पुढे आहेत, पण काकांचं बोट वयावर थांबतं. रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा. म्हणजे त्या दिवशी पंचविसावं पूर्ण झालेलं होतं. "खोटं पत्र बनवणारा असता ना, तर त्याने चरित्र उघडून पंचवीस लिहिलं असतं," काका म्हणतात. "अस्सल माणूस चुकतो."

(दृश्य: वाशीचा खाडीपूल. लोकलच्या दारातून डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर. ढग खाली आलेले.)

काकांना घेऊन आम्ही वाशीहून मानखुर्दची लोकल पकडली. खाडी ओलांडताना डाव्या हाताला दिसतो तो ट्रॉम्बेचा डोंगर. पायथ्याच्या अणुसंशोधन केंद्रात कॅमेरा नेता येत नाही, म्हणून हे पुलावरूनच. दाराशी लटकलेल्या मंडळींनी काकांना जागा करून दिली, हे मुद्दाम सांगायला हवं.

१२ मार्च १९४४ ला होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. आशय असा: दोनेक दशकांत अणूपासून वीज करता येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेर शोधावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत. तारीख पुन्हा बघा. हिरोशिमाला अजून सतरा महिने आहेत. त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, आणि ४ ऑगस्ट १९५६ ला या डोंगराच्या पायथ्याशी 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली. डब्यात रोज हजारो माणसं हा डोंगर बघत जातात. काकांना त्या जागी पत्र दिसतं.

(दृश्य: फ्रेम केलेला फोटो. खाली झोकदार सही. भिंग वर येतं. रेघ फुटते, ठिपके दिसतात.)

आता हे. थॉमस एडिसन. तरुणपणी तारायंत्रावर काम केलेला माणूस, त्यामुळे अक्षर सुटं आणि देखणं. सहीतल्या 'टी'ची आडवी रेघ अख्ख्या नावावर छत्रीसारखी ओढायचा. छत्री इथेही आहे. काकांनी हा फोटो पंचविसाव्या वर्षी घेतला. दीड महिन्याचा पगार गेला. विकणारा कोण ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

घरी आणून भिंग लावलं. शाईची रेघ कितीही मोठी करून पाहिली तरी अखंड दिसते, कागदाच्या धाग्यांत थोडी पसरलेली. इथे रेघ नाहीच, नुसते ठिपके. छापखान्यातलं चित्र.

असं फसायला बुद्धी कमी असावी लागते असंही नाही. मिशेल शाल हे फ्रान्सचे मोठे भूमितिज्ञ. त्यांना एकोणिसाव्या शतकात व्रँ-ल्युका नावाच्या इसमाने हजारो बनावट पत्रं विकली. त्यात पास्कलची पत्रं होती, ज्यांवरून गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी फ्रेंचांना कळलं होतं असं सिद्ध व्हावं. आणि त्यात क्लिओपात्राचंही पत्र होतं. फ्रेंचमध्ये लिहिलेलं! हे सांगताना काका हसतात आणि एडिसनची फ्रेम पुन्हा भिंतीला लावतात. ती काढायची नाही असं त्यांनीच ठरवलंय.

(दृश्य: अंधार केलेली खोली. जांभळा दिवा. एक कागद निळसर पेटतो, दुसरा काळपट राहतो.)

हा दिवा नोटा तपासायचा, दुकानांत गल्ल्यापाशी असतो तो. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. ती या उजेडात निळी चमकतात. १९२० चं म्हणून विकायला आणलेलं पत्र असं चमकलं, तर विकणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचं. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं १९४५ च्या ऑक्टोबरात. एडिसन १९३१ मध्ये गेले. म्हणजे बॉलपेनची एडिसनची सही कोणी आणली तर दिवाही लावायला नको.

(दृश्य: जांभळी नाक्याचं काष्ठौषधींचं दुकान. कागदाची पुडी. मग स्वयंपाकघर, सहाण, बाळगुटीचा डबा.)

एडिसनने पोळल्यावर काकांनी शाई शिकायचं ठरवलं. पुस्तकातून नाही, करून. न्यूटन, डार्विन ज्या शाईने लिहायचे तिच्यात मुख्य दोन जिनसा: मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार. मायफळ म्हणजे फळ नव्हे, ओकच्या फांदीवर किडीमुळे आलेली गाठ. ती शोधत काका जांभळी नाक्यापर्यंत गेले, आणि घरी आल्यावर आईने बाळगुटीच्या डब्यातून दोन काढून समोर ठेवली. नातवंडाला उगाळून दिलेलं मायफळ आणि न्यूटनची शाई, एकाच डब्यातली.

बघा. मायफळ भरड कुटलंय. पाण्यात रात्रभर भिजवलं, गाळलं. पाणी चहासारखं तांबूस. हिराकशीचे हिरवट खडे वेगळ्या वाटीत विरघळवलेत. आता एकात दुसरं.

(निवेदन थांबतं. वाटीतलं पाणी काळं पडत जातं. दहा सेकंद.)

थोडा डिंक, म्हणजे शाई निबावरून धावत सुटत नाही. बोरूने ओढलेली पहिली रेघ बघा, राखाडी, फिकी. आम्ही चहा घेऊन परत आलो तोवर तीच रेघ गडद झालेली. हवेतला प्राणवायू लागतो तसं लोह काळं पडत जातं. मग शंभर-दीडशे वर्षांनी तीच तपकिरी होते आणि तिच्यातलं आम्ल कागद खाऊ लागतं; जिथे लिहिणाऱ्याने निब जोरात दाबली तिथे अक्षराच्या आकाराचं भोकही पडू शकतं. जुन्या पत्रात काका आधी ते शोधतात. बनावट पत्रात बहुधा तपकिरी रंग असतो, पण कागद ठणठणीत.

(दृश्य: टेबलावर दोन पोस्टकार्डं शेजारी शेजारी.)

ही दोन कार्डं एकाच वर्षातली, एकाच हातची. डावं पॉलिएस्टरच्या पारदर्शक खिशात, बाजूने उघडं; हवं तेव्हा बाहेर काढता येतं. उजवं लॅमिनेट केलेलं. तेव्हा तशी लाटच होती, रेशनकार्डापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळं गरम प्लास्टिकमध्ये. नाक्यावरच्या दुकानातून मोठ्या हौसेने करून आणलं. आता आत फुगे धरलेत, कडा पिवळ्या पडल्यात, आणि प्लास्टिक सोडवायला जावं तर शाईसकट कागद निघेल. सेलोटेपचंही तेच, चिकटपणा जातो, डाग राहतो. घरात कोणाचं जुनं पत्र असेल तर काकांचा निरोप आहे: काहीही चिकटवू नका, काहीही वितळवू नका, आणि सगळ्यात आधी रद्दीवाल्याला थांबवा.

कसर लागू नये म्हणून खणात वेखंडाच्या पुरचुंड्या आहेत. पोथ्यांच्या फडक्यात आजी ठेवायची तेच.

(दृश्य: खिडकी, पाऊस, खाली गोखले रोडची वाहतूक.)

बाजारभावाचं थोडक्यात. फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची रचना समजावून मुलाला लिहिलेलं १९ मार्च १९५३ चं पत्र २०१३ मध्ये साठ लाख डॉलरवर गेलं. आइन्स्टाइननी टोकियोच्या हॉटेलात बक्षिसीऐवजी दिलेली चिठ्ठी २०१७ मध्ये साडेपंधरा लाखांवर. काकांच्या कपाटात असलं काही नाही. आपल्याकडे पंचाहत्तर वर्षांहून जुने, वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित कागद १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. ते कोणाला परस्पर परदेशी पाठवता येत नाहीत. काकांची मुलगी परदेशी आहे. कपाटाचं पुढे काय, यावर घरात अजून बोलणं झालेलं नाही.

(दृश्य: खालचा खण. एक रिकामी फाइल, पाठीवर मराठीत 'भिसे'.)

शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, १८६७. छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, झपाट्याने पाडणारं यंत्र त्यांनी बनवलं. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी शब्द टाकला, टाटांनी पैसा घातला, लोक त्यांना भारताचा एडिसन म्हणायचे. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. काका वीस वर्षं त्यांच्या हातची एक ओळ शोधतायत. फाइल आधी आणून ठेवली.

(दृश्य: गॅसवर लोखंडी कढई. गुलाबी दाणे.)

पावसाळ्यात हे दर आठवड्याला. सिलिका जेलचे दाणे ओल शोषतात तसे निळ्याचे गुलाबी होतात. कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. या कढईला काकूंनी लाल दोरा बांधलाय आणि ती स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू देत नाहीत. दाणे निवले की काका पुरचुंड्या भरतात. एक नारळीकरांच्या खणात, एक नकलांच्या, एक लॅमिनेट केलेल्या कार्डापाशी.

एक 'भिसे' लिहिलेल्या रिकाम्या फायलीत.