शेजारी बसून घडवलेली साधने: जैवमाहितीशास्त्राची सहयोगी हॅकेथॉन

पुण्यात पाषाण आणि गणेशखिंड यांमधले अंतर थोडक्या किलोमीटरांचे आहे. तेवढ्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, खुद्द विद्यापीठाचा जैवमाहितीशास्त्र विभाग आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारणारे सी-डॅक या संस्था सामावल्या आहेत. जीवशास्त्राचा डेटा आणि तो हाताळणारे संगणक इतके जवळ असूनही प्रयोगशाळेतील संशोधिका आणि प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी एकाच टेबलाशी बसून काम करताना क्वचित दिसतात. सहयोगी हॅकेथॉन, म्हणजे काही दिवस एकत्र बसून जैवमाहितीशास्त्राची, अर्थात जीवशास्त्राचा डेटा संगणकाने अभ्यासण्याची, साधने घडवण्याचा उपक्रम, नेमका हाच प्रसंग घडवून आणते.

पडद्यावरची ए, सी, जी, टी ही अक्षरे म्हणजे डीएनएचा क्रम. मानवी जनुकसंचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, आणि हा क्रम वाचणारी बहुतेक सिक्वेन्सिंग यंत्रे ती लहान लहान तुकड्यांत वाचतात. हे तुकडे जुळवणे, त्यांतील बदल शोधणे आणि ते बदल कोणत्या जनुकात पडतात हे पाहणे, ही कामे वेगवेगळे प्रोग्राम करतात. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती जाते आणि त्यातून पाइपलाइन तयार होते.

चुका शिरतात त्या अशा हस्तांतराच्या ठिकाणी. असा डेटा साठवण्याच्या फाइलींचे अनेक प्रकार आहेत. ‘बेड’ प्रकारच्या फाइलमध्ये डीएनएवरील स्थाने शून्यापासून मोजतात, तर ‘व्हीसीएफ’ आणि ‘जीएफएफ’ फाइलींमध्ये एकपासून. हा फरक लक्षात न घेता लिहिलेला प्रोग्राम अडखळत नाही, त्रुटीचा संदेशही देत नाही. फक्त प्रत्येक जनुकाची सुरुवात एका अक्षराने सरकते. प्रथिनातील अमिनो आम्ले तीन-तीन अक्षरांच्या गटांवरून ठरतात, त्यामुळे तेवढ्याने पुढचे सारे वाचन बिघडते. संगणकाच्या विद्यार्थ्याला उत्तर ठीकच वाटते. शेजारी बसलेल्या संशोधिकेला मात्र अनुक्रमात जागोजागी ‘स्टॉप कोडॉन’, म्हणजे प्रथिन तिथेच संपवण्याची खूण असलेले तीन अक्षरांचे गट, दिसतात आणि असे प्रथिन पेशीत तयारच होणार नाही, हे ती लगेच सांगते. ईमेलवर हीच चूक उमगायला कदाचित आठवडे गेले असते.

जपानमध्ये २००८ पासून बायोहॅकेथॉन भरत आहेत. अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवतंत्रज्ञान-माहितीच्या राष्ट्रीय केंद्राने पुढे पाच-सहा जणांचे गट आणि तीन दिवसांचा अवधी अशी पद्धत रूढ केली. एप्रिल २०२० मध्ये जगभरचे संशोधक कोविडसाठी ऑनलाइन एकत्र आले, तेव्हा विषाणूचे जनुकीय अनुक्रम सर्वांना खुले करण्याच्या साधनांवर त्यांनी काम केले.

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना हॅकेथॉन परिचित आहे. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉनने ती घरोघरी पोहोचवली. तिथे स्पर्धा असते, बक्षीस असते, आणि त्या उपक्रमाला ते शोभतेही. जैवमाहितीशास्त्राच्या साधनांना मात्र बक्षीस घातक ठरू शकते, असे आमचे ठाम मत आहे. स्पर्धेतला गट आपला कोड झाकून ठेवतो, तर येथे एका गटाने फाइल तपासण्यासाठी लिहिलेला भाग दुसऱ्या गटाने त्याच दुपारी वापरणे अपेक्षित असते.

पहिला अर्धा दिवस कोड न लिहिता जावा. प्रश्न नेमका काय, उत्तर कोणाला हवे आणि ते बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे, एवढे कागदावर आले की पुढचे काम वेगाने होते. रुग्णांचा खासगी डेटा या कामात कोणाच्याही लॅपटॉपवर येता कामा नये. सरावासाठी खुल्या संग्रहांतील अनुक्रम पुरेसे असतात.

अनेक साधने तिसऱ्या दिवसानंतर मरतात, कारण ती लिहिणाऱ्याच्याच संगणकावर चालतात. म्हणून शेवटची दुपार नवे वैशिष्ट्य जोडण्यात न घालवता कोड इतरांनी कसा वापरावा हे सांगणारा परवाना निवडणे, चाचणीसाठी छोटी नमुना-फाइल देणे, वापराची माहिती लिहिणे आणि सारे काही डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम व त्याला लागणारे सारे एकत्र ठेवणाऱ्या गाठोड्यात, बांधणे यांसाठी राखावी लागते. त्यानंतर प्रत्येक साधनाला सांभाळणारी एक व्यक्ती नेमावी, आणि महिन्याभराने गटाबाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेने, कोणालाही फोन न करता, केवळ लिहिलेल्या सूचना वाचून ते आपल्या संगणकावर चालवून पाहावे.