दर्जा, अटी आणि ३ जून

(पडद्यावर तारीख : २६ मे १९९४)

वॉशिंग्टन. अध्यक्ष बिल क्लिंटन पत्रकारांसमोर आलेत. वर्षभरापूर्वी सही केलेला आपलाच आदेश ते आज गुंडाळून ठेवणार आहेत. चीनचा व्यापारी दर्जा आणि चीनमधले मानवी हक्क यांची सांगड त्या आदेशाने घातली होती. आज ती सुटली.

ही सांगड सुचली कुणाला? त्यासाठी वीस वर्षं मागे जायला हवं, आणि तेही चीनकडे नाही, सोव्हिएत संघाकडे.

१९७२ साली सोव्हिएत सरकारने देश सोडून जाणाऱ्या उच्चशिक्षितांवर जबर कर लावला. झळ बसली ती मुख्यतः इस्रायलला जाऊ पाहणाऱ्या ज्यूंना. सिनेटर हेन्री जॅक्सन आणि प्रतिनिधिगृहातले चार्ल्स व्हॅनिक यांनी मग अमेरिकेच्या १९७४च्या व्यापार कायद्यात एक कलम घातलं. जो साम्यवादी देश आपल्या माणसांना बाहेर जाऊ देत नाही, त्याला 'मोस्ट फेवर्ड नेशन' दर्जा मिळणार नाही. हा दर्जा म्हणजे काही खास मेहेरनजर नव्हे. बहुतेक देशांच्या मालाला जो आयातकर लागतो, तोच याच्याही मालाला. दर्जा नसेल तर मात्र १९३० सालचे चढे दर.

मॉस्कोने जानेवारी १९७५ मध्ये व्यापार करारच झिडकारला. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले होते, १९७५ मध्ये जेमतेम १३ हजार. १९७९ मध्ये हाच आकडा पुन्हा ५० हजारांवर गेला. त्यामुळे कलमाचे समर्थक आणि टीकाकार आजही आपापल्या सोयीचं वर्ष निवडतात.

चीनला दर्जा मिळाला १९८० मध्ये, पण दर वर्षी मुदतवाढीच्या अटीवर. आधीच्या वर्षी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी देश सोडण्याच्या स्वातंत्र्याचा विषय काढला, तेव्हा चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी विचारलं होतं, किती माणसं पाठवू, एक कोटी? किस्सा खुद्द कार्टर यांनी सांगितलेला.

१९८९. तिआनानमेन चौक. ३ आणि ४ जूनच्या मधल्या रात्री लोकशाहीसाठीची निदर्शनं चिरडायला लष्कर बीजिंगमध्ये घुसलं. मुदतवाढीची शिफारस करण्याची अध्यक्षांची अंतिम तारीख दर वर्षी कोणती? ३ जून. निव्वळ योगायोग, पण पुढची दहा वर्षं तो वॉशिंग्टनला बोचत राहिला.

१९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अटी घालणारी विधेयकं दोनदा मंजूर केली. थोरले जॉर्ज बुश यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. बुश हुकूमशहांचे लाड करतात, असं म्हणत क्लिंटन निवडून आले आणि २८ मे १९९३ रोजी त्यांनी आदेश काढला. अटी पाळायला चीनला मुदत एक वर्ष. शांततेने मत मांडल्याबद्दल डांबलेल्यांची सुटका, कैद्यांना माणुसकीची वागणूक, तिबेटच्या धर्म-संस्कृतीचं रक्षण, आणि तुरुंगात बनवलेला माल अमेरिकेत येऊ न देणं. मागण्या रास्त होत्या. त्या मान्य झाल्या नाहीत तर दर्जा खरंच काढणार का, यावर मात्र क्लिंटन यांच्या स्वतःच्या सरकारातच एकमत नव्हतं. विमानं विकणारे, गहू विकणारे, खेळणी आणि कपडे मागवणारे सगळे दर्जा टिकवा म्हणून दारोदार फिरत होते, आणि बीजिंगला हे वर्तमानपत्रांतूनच वाचायला मिळत होतं.

(छायाचित्र : वेई जिंगशेंग)

बीजिंगने काय वाचलं, ते या एका माणसाच्या नशिबावरून कळतं. लोकशाही मागितली म्हणून वेई १४ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात. सप्टेंबर १९९३ मध्ये त्यांना सोडलं, ते बीजिंगला हव्या असलेल्या ऑलिम्पिकच्या यजमानपदाचं मतदान काही दिवसांवर आलेलं असताना. यजमानपद गेलं सिडनीला. फेब्रुवारीत वेई अमेरिकेच्या मानवी हक्क अधिकाऱ्याला भेटले. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर बीजिंगला पोहोचण्याआधीच असंतुष्टांची धरपकड झाली, आणि एप्रिल उजाडताच वेई पुन्हा कोठडीत.

आठ आठवड्यांनी क्लिंटन यांनी दर्जा कायम ठेवला. बंदी आली ती फक्त चिनी बंदुका आणि काडतुसांवर. २००० साली दर्जा कायमचा करणारा कायदा झाला, २००२ पासून तो दर्जा लागू झाला आणि वार्षिक वादही संपला.

मोठ्या बाजारपेठेपुढे मोडलेलं हे हत्यार छोट्यांवर मात्र उगारलं जातं. युरोपीय संघाने म्यानमारच्या मालाला दिलेली आयातकरातली सवलत १९९७ मध्ये काढली, बेलारूसची २००७ मध्ये, श्रीलंकेची २०१० मध्ये. कंबोडियात विरोधी पक्ष न्यायालयाने बरखास्त केला, २०१८च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी सगळ्या १२५ जागा जिंकल्या, आणि ऑगस्ट २०२० मध्ये युरोपला जाणाऱ्या सुमारे एक पंचमांश मालावरची सवलत गेली. पक्ष परत आला नाही. त्याचे नेते केम सोखा यांना २०२३ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली. करवाढीची टांगती तलवार मात्र शिवणकामाच्या कारखान्यांवर होती, आणि तिथे काम करतात बहुतांश बायका.

अमेरिकेने आता चीनसाठी वेगळी वाट धरली आहे. जून २०२२ पासून चीनच्या शिनजियांग प्रांतातला माल सक्तीच्या मजुरीतून बनला, असंच कायदा गृहीत धरतो. कापूस असो, टोमॅटो असो की सौर पॅनेलचं पॉलिसिलिकॉन, तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर. देशाचा दर्जा तसाच राहतो, अडतो तो बंदरावरचा कंटेनर.