क्विंटल अधिक किलो

[दृश्य: रावेरजवळची केळीची बाग. घड गाडीत भरले जात आहेत. मग काट्याचा आकडा जवळून.]

निवेदन:
केळीचा भाव बोलला जातो क्विंटलवर. काटा मात्र किलो दाखवतो. पहिली खेप 23 क्विंटल 75 किलो, दुसरी 18 क्विंटल 60 किलो. गाडीजवळ उभा असलेला माणूस 75 आणि 60 मिळवतो, 135 मधले शंभर बाजूला काढतो, क्विंटल एकाने वाढवतो आणि वहीत 42 क्विंटल 35 किलो लिहून मोकळा होतो. कॉम्प्युटरला हे शिकवावं लागतं.

[दृश्य: जळगाव. इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब, दुपार. पंखे पूर्ण वेगात.]

निवेदन:
दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. घर यावल तालुक्यात, घरची केळी. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत तिने ‘वजन’ नावाचा क्लास, म्हणजे स्वतःचा नवा प्रकार, लिहिला आहे. त्यात दोन आकडे, क्विंटल आणि किलो. मग दोन ऑब्जेक्ट, म्हणजे या प्रकारची दोन प्रत्यक्ष वजनं, घेतली आणि मधे अधिकचं चिन्ह टाकलं. कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर अडला.

“सर, साधी बेरीजच आहे, तरी का अडतंय?”

“कशात काय मिळवायचं, हे तू सांगितलंस का त्याला?”

[दृश्य: पडद्यावर कोड. अधिकच्या चिन्हाभोवती गोल.]

निवेदन:
अधिकचं चिन्ह कंपायलरला पूर्णांकांसाठी माहीत आहे, दशांश संख्यांसाठी माहीत आहे. ‘वजन’ हा प्रकार तिने आज सकाळी जन्माला घातला, त्याचं काय करायचं हे त्याला कुठून कळणार? म्हणून ती एक फंक्शन लिहिते. नावात ‘ऑपरेटर’ हा राखीव शब्द आणि त्याला लागून अधिकचं चिन्ह. आत तोच वहीतला हिशेब: किलोंची बेरीज, शंभर झाले की एक क्विंटल वर. यापुढे दोन वजनांमध्ये अधिक दिसलं, की कंपायलर हेच फंक्शन बोलावतो. यालाच ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात.

सोय म्हणून ती आणखी एक कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन, लिहिते. नुसते किलो दिले तरी त्यातून वजन तयार व्हावं. आता ‘वजन अधिक 5’ चालतं. ‘5 अधिक वजन’ मात्र चालत नाही! ऑपरेटर क्लासच्या आत लिहिला असेल, तर डावीकडे त्या क्लासचाच ऑब्जेक्ट लागतो. डाव्या बाजूच्या 5 चं वजनात रूपांतर कंपायलर आपणहून करत नाही. फंक्शन क्लासच्या बाहेर काढलं, की दोन्ही बाजू सारख्या होतात. पुस्तकात ही एक ओळ असते. लॅबमध्ये अर्धा तास जातो.

[दृश्य: जुन्या कॉम्प्युटरची रेखाचित्रं.]

निवेदन:
कल्पना जुनी आहे. 1968 च्या अल्गॉल 68 मध्ये प्रोग्रामरला स्वतःचे ऑपरेटर ठरवता येत होते. बियार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी बेल लॅब्समध्ये 1979 पासून जी भाषा घडवायला घेतली, त्या सी प्लस प्लसमध्ये ही सोय 1980 च्या दशकात आली. पण लगाम ठेवून. नवं चिन्ह शोधता येत नाही. गुणाकार बेरजेच्या आधी, हा क्रम बदलता येत नाही. आणि एका बाजूला तरी तुमचा स्वतःचा प्रकार हवा. दोन अधिक दोन पाच करायची परवानगी कोणालाच नाही.

जावा ही भाषा घडवणाऱ्या जेम्स गॉसलिंग यांनी तिच्यात ही सोय ठेवलीच नाही. सी प्लस प्लसमध्ये लोकांनी तिचा फार गैरवापर केलेला त्यांनी पाहिला होता. तक्रार रास्त आहे. पण त्याच जावात दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या ओळी, जोडायला अधिकचंच चिन्ह आहे. म्हणजे भाषेने स्वतःसाठी सवलत ठेवली आणि आपल्याला नाकारली. पैशांचा काटेकोर हिशेब करणारा जावातला ‘बिगडेसिमल’ हा प्रकार वापरून पाहा. साध्या बेरजेला ‘ॲड’, गुणाकाराला ‘मल्टिप्लाय’, आणि सूत्र वाचता वाचता दम लागतो.

[दृश्य: पडद्यावर चार आकड्यांची यादी.]

निवेदन:
मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन. मेथड ओव्हरलोडिंग मात्र जावात आहे. नाव एकच, पॅरामीटर, म्हणजे मेथडला द्यायची माहिती, वेगळे. पॅरामीटरची संख्या किंवा प्रकार बदलायला हवा. नुसता रिटर्न टाइप, म्हणजे उत्तराचा प्रकार, बदलून भागत नाही. कोणती मेथड, हा निवाडा कंपाइल होतानाच लागतो. ओव्हररायडिंगमध्ये, म्हणजे वारसा घेणाऱ्या क्लासने तीच मेथड नव्याने लिहिली असेल तेव्हा, तो प्रोग्राम चालताना, समोर प्रत्यक्ष कोणता ऑब्जेक्ट आहे ते बघून लागतो. परीक्षेतला फरकाचा प्रश्न इथे संपला.

खरी गंमत पुढे आहे. जावातच गाड्यांच्या क्रमांकांची यादी घ्या: 4, 2, 7, 9. दोन नंबरची गाडी गेली, म्हणून यादीतून काढणाऱ्या ‘रिमूव्ह’ मेथडला 2 दिला. यादीतून गेला 7! कारण ‘रिमूव्ह’ दोन आहेत. एक जागा घेतो, दुसरा वस्तू. साधा पूर्णांक दिला की पहिला लागू होतो, आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे जागा 2 वर 7 बसलेला असतो. कंपायलर चुकलेला नाही. त्याने नियम पाळला, आपला हेतू त्याला दिसत नव्हता. एकच नाव दोन वेगळ्या अर्थांना दिलं, की असं होतं.

पायथॉन या भाषेचा प्रकार निराळा. ऑपरेटरची मुभा आहे, पण एका क्लासमध्ये त्याच नावाची दुसरी मेथड लिहिली, तर पहिली पुसली जाते. तक्रारही येत नाही.

[दृश्य: पुन्हा लॅब. तीच विद्यार्थिनी कीबोर्डवर.]

निवेदन:
आता गुणाकार. क्विंटलला 1800 रुपये भाव धरला, तर 42 क्विंटल 35 किलोचे 76,230 रुपये. वजन गुणिले भाव, उत्तर रुपयांत. हा ऑपरेटर ती लिहिते.

शेजारचा मुलगा वाकून विचारतो, “वजन गुणिले वजन पण टाकून दे ना.”

“त्याचं काय येईल?”

तो विचार करतो, मान हलवतो. तो ऑपरेटर लिहिला जात नाही. उद्या कोणी चुकून दोन वजनांचा गुणाकार केला, तर कंपायलर तिथेच अडवेल, आणि तसंच तिला हवं आहे.