आईबाबांना थीम पार्कला न्यायचंय? आधी बसायची जागा शोधा

नमस्कार मंडळी, कसे आहात? आजचा विषय आमच्या घरातच निघाला. माझे बाबा ७९ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा छोटा अटॅक येऊन गेला, तेव्हापासून डावा पाय जरा ओढत चालतात. आई ७४ ची, आणि तिचे गुडघे म्हणजे तिच्याच शब्दांत सांगायचं तर उठताबसता वाजणारे. तर दिवाळीत माझ्या लेकाने जाहीर केलं की यंदा सगळ्यांनी खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं, सगळ्यांनी म्हणजे आजी-आबा पण. बाबा लगेच म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो. आता घर काय पळून जाणारे का? पण आपल्याकडे वडीलधाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य असतं, आणि आपणही ते ऐकून आतल्या आत जरा सुटतो, खोटं कशाला बोला.

मीही सुटले असते, पण मला आधीचा एक अनुभव डाचत होता. काही वर्षांपूर्वी भर मे महिन्यात या दोघांना एका पार्कला नेलं होतं, महाराष्ट्राबाहेरच्या, नाव घेत नाही. सकाळी आरामात निघून अकराला गेटवर पोचलो, तर तिथल्या व्हीलचेअर संपलेल्या. तेव्हा बाबा चालते होते, पण आईचं काय! आणि टॉयलेट शोधलं तर व्हीलचेअरचं चित्र लावलेल्या दाराच्या आत झाडू, बादल्या आणि मोडकं टेबल. आई त्या दिवशी पाणीच प्यायली नाही, का तर जावं लागेल म्हणून, आणि संध्याकाळी चक्कर येऊन एका झाडाच्या कठड्यावर बसली ती उठेचना. आम्ही राइड्सची यादी करून गेलो होतो हो, बसायला कुठे मिळेल याची यादी कोणीच केली नव्हती.

म्हणून या वेळी उलटं केलं. आधी बसायच्या जागा, टॉयलेट आणि सावली बघितली, राइड्स शेवटी. आधी पार्कला फोन लावला. आणि फोनवर 'तुमच्याकडे सिनियर सिटीझनची सोय आहे का' असं विचारू नका, कारण त्याला उत्तर 'हो मॅडम आहे' एवढंच येतं. विचारायचं ते नेमकं. व्हीलचेअर आधी बुक होते का, डिपॉझिट किती, टॉयलेटच्या दारातून खुर्ची आत जाते का, आत धरायला दांडा आहे का, अमुक राइडला चढायला किती पायऱ्या आहेत, आणि राइडमधली गाडी पूर्ण थांबते की हळूहळू चालत असतानाच बसायचं असतं. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण चालत्या पट्ट्यावर पाय टाकून बसणं बाबांना जमणारच नाही. दोनदा फोन करा, वेगवेगळ्या वेळी. दोघांनी सारखंच सांगितलं तर विश्वास ठेवा.

पार्कमधल्या खुर्चीवर अवलंबून राहायचं नाही हे मात्र मी पक्कं केलं होतं, आपली आपण भाड्याने न्यायची. पुण्यात सर्जिकलच्या दुकानात व्हीलचेअर दिवसांवर किंवा महिन्यावर भाड्याने मिळते, पण घेताना गाडी बरोबर न्या, कारण आमच्या गाडीला सीएनजी आहे आणि डिकीत सिलेंडर, आणि ती घडी केलेली खुर्ची आत जाईचना! दुकानदार शांतपणे बघत होता, त्याला सवय असणार. शेवटी मागची अर्धी सीट पाडली आणि लेक आबांच्या बाजूला दाटीवाटीने बसला. खुर्चीत दोन प्रकार येतात बघा, एक मोठ्या मागच्या चाकांची आणि एक चारही लहान चाकांची. लहान चाकांची हलकी असते, गाडीत पटकन जाते, पण ती मॉलच्या फरशीवर ठीक. पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक अडकलं की बसलेला माणूस पुढे फेकला जातो. मोठ्या चाकांचीच घ्या, जड वाटली तरी.

आणि ढकलायचं पण एक शास्त्र आहे. उंबरा किंवा फट आली तर खुर्ची फिरवून मागची मोठी चाकं आधी न्यायची. उतारावरून खाली येताना आपण मागे मागे चालत यायचं, म्हणजे बसणाऱ्याचं वजन आपल्या अंगावर राहतं. उठवताना आधी दोन्ही ब्रेक, मग पायाच्या पट्ट्या वर, मग माणूस. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये याची प्रॅक्टिस केली, वॉचमन काका पण येऊन दोन सूचना देऊन गेले. रॅम्पचं गणित तेव्हाच कळलं, एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो, एकास बारा. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी रॅम्प म्हणून जे काही बांधलेलं असतं ना, ती खरं तर घसरगुंडी असते.

आईचा वेगळाच मुद्दा, पदर! पाचवारी नेसून खुर्चीत बसली की पदर बरोबर चाकाच्या आऱ्यात जातो. ड्रेस घाल म्हटलं तर 'फोटो काढणार ना' म्हणाली. मग पदर पुढे घेऊन खोचला आणि दोन पिना. साडी असेल तर हे कराच, हसू नका.

आता खरी अडचण. बाबा खुर्चीत बसायला तयारच नव्हते. मी काय लुळा झालोय का, इथपासून सुरुवात. मग लेकानेच डोकं चालवलं, म्हणाला आबा, खुर्ची आजीसाठी आणि बॅगांसाठी आहे, तुम्ही फक्त सोबत चला. त्याआधी एक रंगीत तालीम पण केली, कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात. तिथे बॅटरीवर चालणारी गाडी आहे, आणि जागा १३० एकर, म्हणजे दोघांना किती वेळ झेपतं ते कळतं, आणि नाहीच झेपलं तर वीस मिनिटांत परत घरी. फक्त बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा. आमचं उत्तर आलं, बाबा अर्धा तास, आई पंधरा मिनिटं. पूर्ण दिवसाचं प्लॅनिंग मग या दोन आकड्यांवर केलं.

डॉक्टरांना आधी भेटलो. ब्लड प्रेशरसाठी लघवी जास्त होणारी गोळी असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे त्यांनाच विचारा, मनाने बंद करू नका, बरेच जण करतात. हाडं ठिसूळ असतील तर धक्के बसणाऱ्या राइड नाहीच, आणि त्यात त्या टकरा मारायच्या बंपर कार पण आल्या, दिसायला पोरखेळ असतो पण मणक्याला गचके बसतात. इन्सुलिन असेल तर उन्हातल्या गाडीत ठेवू नका, बरोबर बाळगा.

दिवस निवडला जानेवारीतला मंगळवार. पुणेकरांची एक चूक होते बघा, आपण आपली हवा डोक्यात ठेवून निघतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि खोपोली घाट उतरून खाली, म्हणजे हवा कोकणातली. दमटपणा तिथला. पावसाळ्यात तर सगळं निसरडं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन अजिबात नको. घाटात वळणांवर आईला मळमळतं म्हणून ती पुढच्या सीटवर, आणि आलेपाक.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, तिथली नायट्रो म्हणजे ती लालेलाल रोलर कोस्टर, लोक उलटेपालटे होत किंचाळत जातात ती. आमच्यातले दोघे तिकडे पळाले, आणि आम्ही तिघं खाली सावलीत. मला वाटलं बाबा कंटाळतील. तर ते प्रत्येक फेरीतल्या माणसांचे चेहरे बघून सांगत होते, हा आता रडणार, ही हसतेय पण घाबरलीय! चाळीस मिनिटं तिथून हलले नाहीत. मग प्रत्येक राइडच्या दारावर मी रांगेत उभं राहण्याआधी आत जाऊन पायऱ्या मोजून यायचे, तो बोर्ड पण वाचायचे, हार्ट, मान, पाठ वगैरे लिहिलेला असतो तो. काही जमल्या, बऱ्याच सोडल्या. मेरी गो राउंड असेल तर बघा, घोड्यांच्या बाजूला बऱ्याचदा बाकासारखी गाडी असते, आई त्यातच बसली, पदर सांभाळत, राणीसारखी.

दुपारी आम्ही चक्क एक ते चार पाळली. पुण्याच्या दुकानांची सगळं जग थट्टा करतं, पण बाहेर ऊन रणरणत असताना एसी रेस्टॉरंटमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरून बाबांनी खुर्चीत मस्त डुलकी काढली. हो, त्याच खुर्चीत. साडेबाराच्या सुमाराला स्वतःच म्हणाले होते, आज बॅगा जरा कमीच आहेत ना? आणि बसले. कोणी काही बोललं नाही, लेकाला पण मी डोळ्यांनी दटावलं. त्याआधी ते रिकामी खुर्ची वॉकरसारखी धरून ढकलत चालत होते, ते मात्र तुम्ही करू देऊ नका, भार दिला की खुर्ची पुढे सटकते.

संध्याकाळी बाहेर पडताना बाबांना पुण्यातल्या पेशवे पार्कची फुलराणी, म्हणजे ती मुलांची छोटी आगगाडी, आठवली. ती १९५६ ला सुरू झाली तेव्हा हे दहा वर्षांचे, भिकारदास मारुतीपासून चालत गेले होते म्हणे भावांबरोबर, आणि पहिल्या वेळी रांगेत नंबर लागलाच नाही. ही गोष्ट मी पन्नास वर्षांत कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची परत करायला निघाले, डिपॉझिटची पावती हातात. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, अजून आठ दिवस राहू दे. मी म्हटलं कशाला? तर म्हणाले, 'तू फोन कर ना त्यांना. फुलराणीत चढायला पायरी किती उंच आहे, आणि ती पूर्ण थांबते का, ते विचार.'