जाती नव्हत्या तेव्हाचे गणित

श्रोतेहो, नमस्कार. वाघ वेगळा आणि वड वेगळा, हे सांगायला जीवशास्त्र शिकावे लागत नाही. पण पृथ्वीवरचे अगदी पहिले जीव असे वेगवेगळ्या जातींत विभागलेले होते का? (जाती हा शब्द इथे फक्त जीवशास्त्रातल्या अर्थाने घ्यायचा, हे आपल्याकडे आवर्जून सांगावे लागते.) तो काळ साडेतीनशे कोटी वर्षांहूनही जुना असल्याने जीवाश्मांकडून फारसे हाती लागत नाही, म्हणून अभ्यासकांनी गणिताचा आधार घेतला.

जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड आयगेन यांनी १९७१ साली मांडलेला हिशेब आपण कागदावरही करू शकतो. समजा, १०० अक्षरांचा (म्हणजे साखळीत ओळीने जोडलेल्या १०० घटकांचा) एक रेणू स्वतःची नक्कल करतो आणि नक्कल उतरताना प्रत्येक अक्षर चुकण्याची शक्यता शंभरात एक आहे. ०.९९ ही संख्या १०० वेळा घेऊन गुणाकार केला की उत्तर ०.३७ च्या आसपास येते, म्हणजे शंभरातल्या सुमारे ३७ नकला बिनचूक उतरतात. अशा वेळी मूळ रेणू इतरांच्या दहापट वेगाने वाढत असेल, तर तो सहज टिकतो. लांबी १००० अक्षरे केली, की सुमारे २३,००० नकलांमागे एकच बिनचूक निघते आणि तो दहापट वेगही कामी येत नाही. या मर्यादेच्या आत जे टिकते तेही एकसारखे नसते. एका मूळ रेणूभोवती त्याच्या चुकलेल्या नकलांचा थवा असतो. खरी मेख पुढेच आहे: चुका दुरुस्त करणारे विकर (एन्झाइम) घडवायला लांब मजकूर हवा, आणि लांब मजकूर टिकायला ते विकर आधी हवे.

मला अधिक मोलाचे वाटते ते इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूज, नायजेल गोल्डनफेल्ड आणि कालिन वेत्सिगियन यांचे २००६ सालचे प्रारूप. त्यांनी संगणकात आदिम जीवांचे अनेक समूह कल्पिले आणि प्रत्येकाला जनुके वाचण्याचा स्वतःचा संकेत दिला. जनुके केवळ पूर्वजांकडून वंशजांकडे जात राहिली, तर समूहांचे संकेत वेगवेगळेच राहून अर्धवट अवस्थेत अडकतात. पण शेजाऱ्यांशी जनुकांची देवघेव चालू ठेवली, तर ज्याचा संकेत इतरांशी जुळतो त्याला परके जनुकही उपयोगी पडते, आणि हळूहळू सगळे एकाच, कमी चुका होऊ देणाऱ्या संकेताकडे सरकतात. जनुकातल्या तीन-तीन अक्षरांच्या ६४ त्रयी आणि प्रथिने ज्यांची बनतात ती २० अमिनो आम्ले यांचा जवळपास एकच संकेत जिवाणूपासून माणसापर्यंत का चालतो, याचे हे एक पटणारे उत्तर आहे.

पेशीची अंतर्गत रचना गुंतागुंतीची होत गेली, तसे परके जनुक तिच्यात बसेनासे झाले आणि वंश वेगळे पडू लागले. या टप्प्याला वूज यांनी डार्विनचा उंबरठा म्हटले. जाती हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो त्याच्या अलीकडे. जिवाणूंनी मात्र ही देवघेव अजून पूर्ण सोडलेली नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके ते दूरच्या जिवाणूंकडूनही उचलतात, आणि म्हणून त्यांची एक जाती कुठे संपते व दुसरी कुठे सुरू होते, ती रेघ ओढताना अभ्यासकांचा हात आजही अडखळतो.